कुरणवस्तीची छबूबाई

कुरणवस्ती, ता. खेड
१० एप्रिल २०२५

चि. संस्कृतीस,
तानाबाई आत्याचे अनेक उ. आशीर्वाद.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, म्हणून पत्र टाकते. इकडे सर्व खुशाल, फक्त प्यायला पाणी नाही.

आपल्या वस्तीवरच्या कुणा छबूबाईचा मजकूर सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. पाणी मंडळाच्या अध्यक्षसाहेबांच्या कृपेने तिच्या ओट्यापर्यंत नळ आला, कंबरदुखी थांबली, साहेब देवमाणूस आहेत, वगैरे. अगं, चाळीस वर्षं मी इथली सून आहे. छबूबाई नावाची बाई वस्तीवर नाही. नळ आहेत, पण त्यांत मुंग्या नांदतात.

गंमत इथे संपली असती तर हसून सोडलं असतं. पण पाणी मंडळाच्या कचेरीने तो मजकूर वाचून आमचा टँकर बंद केला. सरपंच अर्जुनराव विचारायला गेले, तर तिथला कारकून त्यांनाच म्हणाला की तुमच्याच बाईनं लिवलंय न्हवं, मग टँकर कशापायी? तेव्हापासून अर्जुनराव घरोघर छबूबाई शोधतायत. लग्नात नावं बदलतात ना, म्हणून प्रत्येक सुनेला विचारतात की माहेरचं नाव छबू तर नव्हतं? दोन घरांत सासवांनी अबोला धरलाय. पाणी आम्ही हायवेपलीकडच्या कंपनीच्या गेटवरून, वॉचमनच्या विनवण्या करून आणतो.

तू तिकडे हिंजवडीजवळ माणला जाहिरातीच्या ऑफिसात आहेस. ही बया कुणी जन्माला घातली, एवढी चौकशी कर.

माया आहेच, पत्राचं उत्तर मात्र दे.
तुझी आत्या

पुनावळे
१६ एप्रिल

ती. स्व. आत्यास,
संस्कृतीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

चौकशीची गरज नाही. छबूबाईला मीच जन्माला घातलं.

आत्या, रागावू नकोस. नाही, रागव. आमच्या ऑफिसात दिवसभर हेच चालतं. कधी मी रिक्षावाला होते, कधी कॉलेजची मुलगी, कधी आजी, आणि साहेबांचं कौतुक करते. नळयोजनेत जनजागृतीसाठी ठेवलेल्या पैशातून आमचा पगार निघतो. हे सगळं सरकारच लिहून घेतंय, एवढं मात्र कुणाला कळू द्यायचं नाही. गावाचं नाव हवं होतं, आणि मला सुट्टीत तुझ्याकडे यायचे ते दिवस आठवले. वाटलं, इतक्या गोड बाईला शोधायला कोण जाणार?

आता साहेबांना तिचा सत्कार करायचाय, १ मे रोजी, राजगुरुनगरला. आमच्या बॉस मंजुषा मॅडमनी बाई हजर करायला सांगितलंय, नाहीतर नोकरी गेली. तू डोक्यावर पदर घेऊन उभी राहशील का? शाल घ्यायची आणि हसायचं. फक्त बोलायचं नाही. एवढं जमेल ना?

तुझ्या मायेच्या भरवशावर,
संस्कृती

कुरणवस्ती
२१ एप्रिल

चि. संस्कृतीस, आशीर्वाद.

कानाखाली वाजवायची सोय पोस्टात नाही, म्हणून आशीर्वादच पाठवते. घोटभर पाण्यासाठी म्हाताऱ्या बायका हायवे ओलांडतात गं. लिहिताना एकदा तरी फोन करून विचारायचं होतंस.

छबूबाई मी होईन. पण सत्कार माझ्या दारात. साहेबांना सांग, आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, मग बाकीचं. छबूबाई त्यांना तिच्या नळाचं पाणी पाजल्याशिवाय शालीला हात लावणार नाही. निरोप द्यायचा की नाही, तुझं तू ठरव.

आत्या

कुरणवस्ती
२ मे

चि. संस्कृतीस, अनेक आशीर्वाद.

निरोप दिलास, बरं वाटलं. तुम्ही ते फोनवर थेट दाखवलंत, पण फोनला सगळं दिसत नाही.

साहेब भर उन्हात आले. हार झाले, भाषण झालं, घसा कोरडा पडला. मी तांब्या घेऊन नळाशी गेले, तोटी फिरवली. आधी फुस्स झालं, मग मुंग्या आल्या. ड्रायव्हर गाडीतून बाटली घेऊन धावला, तर बायकांनी त्याला प्रेमाने अडवलं, की छबूबाईच्या दारात इकतचं पाणी? बाईचा अपमान व्हईल. साहेब तांब्याकडे बघत बसले. मला खरं सांगायचं तर दया आली, पण थोडीच.

मग मी विचारलं की छबूबाईचा तो मजकूर लिहिणाऱ्याला पैसे कुणी दिले? ते म्हणाले, मला ठाऊक नाही, एजन्सीच्या कुणा पोरीनं केलं असेल, तिच्यावर कारवाई करतो.

आज सकाळी टँकर आला. तू गप बस. मी छबूबाई म्हणून मरेन, पण तुझं नाव घेणार नाही.

तुझी आत्या

पुनावळे
६ मे

ती. स्व. आत्यास,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

नाव मीच घेतलं. तुझं पत्र पोचायच्या आधीच.

टँकर आला त्याच संध्याकाळी मॅडमनी त्याबद्दल साहेबांचे आभार मानणारी नवी आजी मागितली होती. मी लिहायला बसले आणि हात चालेना. मग सगळं माझ्या नावाने लिहून फोनवर सगळ्यांसाठी टाकलं. छबूबाई कुणी बनवली, कुणी बनवायला सांगितली, पैसे कुठून आले. नोकरी गेली. आई बोलत नाही. साहेब म्हणतात, ही एजन्सी त्यांनी ऐकलेलीसुद्धा नाही. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता, तो काल उतरवला म्हणे.

आत्या, मला भीती वाटते. आणि हसूही येतं. इतक्या खोट्या माणसांवर लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. पहिल्यांदाच मी माझं नाव लिहिलं, तर खाली शेकडो जण विचारतायत की ही संस्कृती नावाची मुलगी खरी आहे का, की कुणी पैसे देऊन बनवली?

तेवढं एक उत्तर तू देशील का?

तुझ्या हातचं खाऊन वाढलेली,
संस्कृती