आईचं मिटलेलं तोंड

झिरिकझे, ६ मार्च १९७९

यान्नास,

तुझं आणि ॲड्रीचं बरं चाललं असेल असं धरून चालते. मी ठीक आहे. गुडघा तसाच आहे. दुकान चालू आहे. सध्या सगळ्या बायकांना राखाडी लोकर हवी आहे, का ते देवालाच ठाऊक. आठवडाभर समुद्राकडून वारा येतोय.

रीतीचं लिहून झालं. आता तुझ्या नवऱ्याबद्दल. शनिवारी तो झ्वोलेहून एवढी गाडी हाकत आला. मी दुकानात होते. दुकान घरापासून चाळीस पावलांवर आहे हे त्याला तीस वर्षं माहीत आहे. तरी मी काढलेलं आईचं चित्र घोंगडीत गुंडाळून शेजारच्या मूल्डरबाईंकडे ठेवून तो चालता झाला. कॉफीलाही थांबला नाही. मूल्डरबाई संध्याकाळी दारात येऊन म्हणतात कशा, "क्रीना, तुझी आई माझ्या पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी आहे. नेतेस का?" त्यांना वाटलं मी हसेन.

घोंगडीत तुझी चिठ्ठी. 'चित्र पिवळं पडलंय, आईला कावीळ झाल्यासारखी दिसते. तोंडाला भेगा गेल्यात. तू बहुतेक हलके रंग वापरले असावेस. नीट करता आलं तर कर, नाहीतर ठेवून घे.' आणि त्याखाली, वेगळ्या पेनानं, 'त्या शेवटच्या मंगळवारी आई खरंच काही बोलली नव्हती का?'

हलके रंग म्हणे. मी बटणं आणि लोकर विकणारी बाई आहे, चित्रकार नाही, हे तू मला लहानपणापासून ऐकवत आलीस. पण रंगात मी कधी हात आखडला नाही. पांढरा तर बूगार्ड मास्तरांनी स्वतःच्या साठ्यातला दिला होता. ते आमच्या हौशी चित्रकारांच्या मंडळात दर गुरुवारी शिकवतात. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी, पण तेलरंग त्यांच्याइतका कुणाला कळत नाही.

मंगळवारी दुपारी माझं दुकान बंद, म्हणून मंगळवार. तेरा मंगळवार आई खिडकीशी बसली. पहिल्या दिवशी टर्पेंटाइन घालून पाण्यासारखा पातळ केलेला तपकिरी रंग, त्यात नुसतं डोकं कुठं आणि खांदे कुठं ते मांडलं. दुसऱ्या वेळी सावल्या. मग वाळू द्यायचं. मग पुन्हा थर, पुन्हा वाळू द्यायचं. खालच्या थरात तेल कमी आणि वर जास्त, हा नियम. उलटं केलंस तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागून हलत राहतो, आणि सगळं तडकतं. तुला हे सांगून काय उपयोग म्हणा, तुला शाळेच्या चित्रवहीतले रंगही धड भरता येत नव्हते असं कुणी म्हटलं तरी मी हो म्हणेन.

आणि आईच्या अंत्यविधीच्या दिवशी सगळ्यांसमोर तू म्हणालीस, डावा गाल सुजलेला काढलाय. सुजलेला नाही. ती चघळायची लोणी-साखरेची गोळी आहे. तासभर न हलता बसायचं तर आईला गालात गोळी लागायची. मी म्हणायचे, "आई, गोळी काढ." ती म्हणायची, "मग गोळीपण काढ चित्रात." मी काढली.

आता पिवळेपणा. तेलरंगात जवसाचं तेल असतं, त्याचा एक स्वभाव आहे. तो तुला ठाऊक नाही, म्हणून तू पकडली गेलीस. उजेडात असलं तर ते फारसं पिवळं पडत नाही. अंधारात ठेवलं की पडतं. तुमच्या पुढच्या खोलीची खिडकी भिंतभर, पडदा तुम्ही कधी ओढत नाही, रस्त्यावरच्या माणसाला तुमच्या ताटातले बटाटे मोजता येतात. दर वाढदिवसाला तू मला लिहितेस, 'आई सोफ्यावरच्या भिंतीवर छान दिसते.' त्या भिंतीवरचं चित्र चार वर्षांत असं पिवळं होत नाही, यान्ना. कुठल्या कपाटात कोंबली होतीस तिला? चार वर्षं मी तुझ्याकडे आले नाही, म्हणून खपून गेलं.

भेगा तुमच्या हीटरच्या कोरड्या हवेनं पडल्या असतील.

आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हाच दिलेलं आहे. ती काही बोलली नाही. बसल्या बसल्या झोपली आणि झोपेत झटका आला. शिळ्या कढीला ऊत आणू नकोस.

मास्तर म्हणाले, तीन-चार आठवडे खिडकीत ठेव, पिवळं निघून जाईल. ठेवलं आहे. तुझ्यासाठी नाही ठेवलेलं.

क्रीना


झिरिकझे, १७ मार्च

यान्नास,

पत्र पोचलं. तब्येत ठीक. हवा तीच.

म्हणजे हिवाळी कोटांच्या कपाटात. पहिल्या नाताळापासून. आणि मला चार वर्षं सोफ्यावरची भिंत. निदान कबूल केलंस, पण कबूल करताना आव असा की चूक माझीच. 'आजारी बाईला तू तासन् तास खुर्चीत बसवलंस.' कोण बोलतंय हे? अकरा वर्षं तिला आंघोळ कुणी घातली? तिच्या टोपीला इस्त्री कुणी केली, ती जुन्या पेहरावातली सोन्याच्या पिनांची टोपी, जिची एक घडी करायला अर्धी सकाळ जाते? तू वर्षातून दोनदा यायचीस, केक आणायचीस, आणि जाताना मला सांगायचीस की आईला मीठ कमी दे. झ्वोलेत बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

तिला बसायला आवडायचं, हे लिहून ठेव. मंगळवारी सकाळपासून पोवळ्यांची माळ घालून तयार असायची. म्हणायची, "चौऱ्याऐंशी वर्षांत माझ्याकडे एवढा वेळ कुणी बघितलं नाही."

तू लिहितेस, 'त्या तोंडाकडे बघवत नाही.' मंडळाच्या प्रदर्शनात लोक नेमके त्या तोंडापाशी थांबले होते. माळ जरा चुकली आहे, हात तर मी शालीखाली लपवले कारण मला हात जमत नाहीत, पण तोंड. बूगार्ड मास्तर चष्मा कपाळावर चढवून पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "क्रीना, हे हौशी माणसाचं काम नाही." आयुष्यात एकदा मला कुणी असं म्हणालं आणि तू ते कोटांमागे ठेवलंस.

बघवत नाही म्हणजे काय? अर्धवट लिहून पेन खाली ठेवायची तुझी सवय जुनी आहे. काय दिसतं तुला तिथं ते स्पष्ट लिही. मी काही मोडून पडणार नाही.

क्रीना


झिरिकझे, ३ एप्रिल

यान्ना,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. राखाडी लोकरीच्या खोक्यात ठेवलं होतं. रोज कुणीतरी राखाडी मागतं आणि रोज ते हाताला लागतं.

मी स्पष्ट लिही म्हटलं आणि तू लिहिलंस. 'ती माझं नाव घ्यायला तोंड उघडणार होती आणि कुणीतरी तिला दटावलं असं वाटतं. सकाळी कॉफी पिताना ती समोर असायची. मला वाटायचं, आता बोलेल. मला वेड लागायची पाळी आली, म्हणून कपाटात ठेवलं.'

तुला चित्रातलं काही कळत नाही असं मी साठ वर्षं म्हणत आले. मंडळातल्या एकालाही जे दिसलं नाही, मास्तरांनाही नाही, ते तुला दिसलं. याचा मला राग आला आहे. तो अजून गेलेला नाही. त्यात हे लिहिते आहे, तेव्हा गोड भाषेची अपेक्षा करू नकोस.

तोंड मला जमत नव्हतं. बाकी चेहरा दहाव्या मंगळवारी झाला होता. तोंड मी चार वेळा काढलं आणि चार वेळा पुसलं. कारण ती बोलायची. गोळी चघळत बोलायची, आणि काय बोलायची? यान्नानं शाळेत कविता म्हटली होती. यान्नाचे केस कसे दाट होते. यान्नानं पहिल्याच दिवशी बर्फावर न पडता स्केटिंग केलं. तेरा मंगळवार मी ब्रश हातात धरून तुझं कौतुक ऐकलं. तुझं नाव आलं की तिचा चेहरा उजळायचा. माझ्याकडे बघताना तो कधी तसा झाला नाही, आणि मी तर समोरच बसलेली.

तेराव्या मंगळवारी उजेड फार चांगला होता. नोव्हेंबरात असा दिवस मिळत नाही. तो उजेड तीनपर्यंत टिकणार हे मला दिसत होतं. खालचा थर ओला होता, मास्तरांनी दोन आठवडे हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं. मी त्यावरच काढायला घेतलं. तेवढ्यात आई म्हणाली, "क्रीना, यान्नाला फोन लाव." मी म्हटलं, "नंतर." ती म्हणाली, "आत्ता लाव. मला आज बरं वाटत नाही. तिला सांग—"

मी म्हटलं, "आई, तोंड मीट आणि गप्प बस. तिचं नाव पुरे झालं आता. तीन वाजेपर्यंत एक शब्द नको."

ऐकलंस? "बरं वाटत नाही" असं ती म्हणाली होती. फोन पॅसेजमध्ये होता, माझ्या स्टुलापासून सात पावलांवर.

तिनं तोंड मिटलं. सव्वा तास ती हलली नाही. गोळीसुद्धा तिनं काढून रुमालात ठेवली, मी आणखी रागावू नये म्हणून. गाल तेवढा आधीचा राहिला चित्रात. आणि ते तोंड मला जमलं. समोर जे होतं ते मी काढलं. बोलायचं असलेलं, न बोलू दिलेलं तोंड. मी इतकी खूश झाले की तीन वाजता ती डोळे मिटून बसली आहे हे बघूनही मला वाटलं, झोपू दे. मी पॅलेट खरवडली. ब्रश धुतले. फोन चहानंतर लावू म्हटलं. चारला चहा घेऊन गेले तेव्हा तिचं अर्धं अंग गेलेलं होतं.

बुधवारी तू आलीस. तिच्या ओठांशी कान लावून दोन तास बसलीस आणि पुन्हा पुन्हा म्हणत होतीस, "आई, काय? काय म्हणतेस?" ती नुसती घशातून आवाज काढत होती. मी स्वयंपाकघरात धुतलेलेच ब्रश पुन्हा धूत होते. नंतर तू मला विचारलंस, काही बोलली का, आणि मी नाही म्हटलं. गुरुवारी ती गेली.

भेगा तुझ्या हीटरनं पडलेल्या नाहीत. ओल्या, तेलकट थरावर मी घाईनं पातळ रंग चढवला, म्हणून पडल्या. मंडळात नवीन आलेल्यालाही पहिल्या दिवशी हे करू नकोस म्हणून सांगतात. त्या आता वाढत जातील आणि मला त्या बुजवता येणार नाहीत.

पिवळं निघालं. शनिवारी चित्र खिडकीतून काढलं. रंग चार वर्षांपूर्वीसारखा स्वच्छ आहे. रविवारी मी खरवडायची सुरी घेऊन बसले होते. म्हटलं, तोंड काढून टाकते, साधं हसरं काढते, आणि तुला पाठवून देते, की झालं. सुरी ओठापर्यंत नेली. मग लक्षात आलं, मी तिला दुसऱ्यांदा गप्प करते आहे. सुरी ठेवून दिली.

चित्र आहे तसंच आहे. हवं असेल तर स्वतः ये आणि घेऊन जा, ॲड्रीला पाठवू नकोस. कॉफी देईन. मला काय हवं ते बोल, मी मध्ये बोलणार नाही. क्षमा मी मागत नाही, कारण तुझ्या जागी मी असते तर दिली नसती. आणि तुझ्यावरचा राग मी सोडलाय असंही समजू नकोस. अकरा वर्षं अकरा वर्षंच राहतात.

पण तू विचारलंस की ती काय बोलली. "यान्नाला फोन लाव. तिला सांग." एवढंच. ते तुझ्यासाठी होतं आणि मी चार वर्षं स्वतःपाशी ठेवलं. त्यापुढे काय सांगायचं होतं ते मला माहीत नाही. मी रोज आठवून बघते, तिचे ओठ कुठल्या अक्षराला आले होते. चौसष्ट वेळा तरी मी ते तोंड रेखाटून पाहिलं असेल, कागदाचा गठ्ठा कपाटात आहे, तो पण ने. त्यातून कळत नाही. ते कुणालाच कधी कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे.

आईचं बोलणं तोडणारी,
क्रीना