भाकरीच्या ठेक्यावर होडी

बाई,

तुमच्या भाकरीचा आवाज मला अजून ऐकू येतो. थप, थाप, थाप. थप, थाप, थाप. एक हलकी, दोन जड. आपल्या छावणी भागातल्या तुमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी होती. तिच्यातून सकाळचं ऊन परातीच्या कडेवर उतरायचं आणि मी उंबऱ्यावर दुधाचा तांब्या घेऊन उभा. दूध पोचवायला यायचो आणि तिथंच अडकायचो. त्या दिवशी तर मान वर करायची सोय नव्हती, कारण आदल्या दिवशी वर्गात मी कविता म्हणत असताना तुम्ही मला मधेच थांबवलं होतं. "अरे, कविता आहे ती. गिरणीत दळण ओततोयस का?" सगळा वर्ग हसला होता. 'वृत्त ओळखा' म्हटलं की मी बाकाखाली पेन्सिल शोधायला वाकायचो. लघु कुठं, गुरू कुठं, काही केल्या कळायचं नाही. आणि आता तुमचे हात पिठानं पांढरे झालेत, तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणताय, "तांब्या ठेव. डोळे मीट. भाकरी ऐक." मी डोळे मिटतो. थप, थाप, थाप. ल-गा-गा, ल-गा-गा. "हे भुजंगप्रयात. परीक्षेत आलं की ही भाकरी आठवायची." परीक्षेत आलं. भाकरी आठवली. भूकही लागली, पण उत्तर बरोबर आलं.

त्याच वर्षी एका कवितेत चक्रवाकाची जोडी आली होती. रात्र झाली की नदीच्या दोन काठांवर दोघं, आणि पहाटेपर्यंत एकमेकांना हाका. मी विचारलं होतं, "बाई, चक्रवाक दिसतो कसा?" तुम्ही पुस्तक मिटलंत. मग म्हणालात, "मी पाहिलेला नाही रे. ज्यांनी ज्यांनी लिहिलं, त्यांतल्या किती जणांनी पाहिला असेल, देव जाणे. तुला दिसला तर मला येऊन सांग." मला वाटलं, बाईंनी आपल्याला केवढं मोठं काम दिलं! मग कचेरी, बदल्या, संसार. तुम्ही गेलात तेव्हा मी परगावी होतो. बाई, चक्रवाक दिसला. तेच सांगायला बसलोय. उशीर झालाय हे खरं, पण पाखरू चुकलेलं नाही.

झालं असं, की मुलानं मागं कधीतरी हवा भरायची एक होडी मागवली होती. केशरी रंगाची, एका माणसापुरती, वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं. दोन वेळा हौस झाली आणि होडी माळ्यावर गेली. माझ्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि जग असं काही धुऊन पुसून समोर आलं, की मी आधी जुना कॅमेरा काढला, मग माळ्यावरून होडी. सूनबाई म्हणाली, "बाबा, या वयात?" मी म्हटलं, "आधीच्या वयात वेळ नव्हता." तिनं हसून दुसऱ्या दिवशी पोहण्याचं जॅकेट आणून दिलं आणि गळ्यात शिट्टी अडकवली. खुलताबादच्या पुढं, कन्नडच्या रस्त्यावरून आत वळलं की एक तलाव आहे. सकाळच्या एसटीनं तिथं जायचं. पहिल्याच दिवशी कंडक्टरनं माझ्या पोत्याएवढ्या पिशवीला पाय लावून विचारलं, "चाचा, यात काय?" म्हटलं, "होडी." "अन् पाणी?" "ते तिकडं आहे." त्यानं तिकीट फाडलं आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "सरका हो, जहाज आलंय!"

पाण्यात मात्र फजिती. माझा उजवा हात जन्माचा जोरकस, त्यामुळं होडी सरळ जाईच ना. जात्यासारखी गरगर फिरायची. काठावर एक ताई काम करत असायच्या. पाणी मागं हटतं तसा तलावाचा गाळ उघडा पडतो, आणि त्या ओल्या गाळात त्या टरबूज-खरबूज लावतात. गाळपेर म्हणतात त्याला. नवरा शहरात कंपनीत पाळीवर, रान सगळं यांच्याच जिवावर. कमरेवर हात ठेवून त्या माझ्याकडं बघत होत्या. "काका, तिथंच फिरायचं होतं तं घरी पंखा हाय की!" त्यांची सासू माझ्याच वयाची. बांधावर छत्री रोवून बसलेली, हातात पत्र्याचा डबा आणि काठी, पाखरं हाकलायला. ती काही बोलली नाही. नुसतं एकदा माझ्याकडं बघितलं आणि डबा वाजवला, जणू मीही त्यातलंच एक पाखरू.

दोन-तीन खेपा मी असाच गरगरलो. मग एका सकाळी, वारा पडलेला, पाणी काचेसारखं, आणि कुठूनतरी तुमची परात ऐकू आली. मी ठेका धरला. एक वल्हं हलकं, दोन जड. लगागा, लगागा. आणि बाई, होडी सरळ निघाली! मी आधी घाबरलोच. मग बसून विचार केला तेव्हा उमगलं. वल्हं मारायचं एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं. पण ठेका तीनाचा. त्यामुळं हलका मार एका खेपेला उजव्या हाताच्या वाट्याला येतो, पुढच्या खेपेला डाव्या. जोर हात ठरवत नाही, ठेका ठरवतो, म्हणून आडदांड हाताला आपोआप लगाम बसतो. माझ्या पाठांतराचा असा उपयोग होईल हे तुम्हालाही वाटलं नसेल. मी मोठ्यानं म्हणत सुटलो. पाणकावळे उडाले. काठावरून आवाज आला, "काका, बरं वाटतंय नं?"

चक्रवाक फाल्गुनात दिसले. पळस पेटलेला होता, काटेसावरीखाली लाल सडा पडलेला, आणि पलीकडच्या वाळूच्या जिभेवर ते दोघं. अंगावर भगव्याचा असा रंग, की वाटावं उन्हानंच ही पाखरं घडवली. डोकं फिकट, साईसारखं. कवितेत ते दोन काठांवर असतात. इथं मात्र इतके जवळ, की एकाची सावली दुसऱ्याच्या अंगावर. मी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि होडी आपोआप सरकू दिली. एकानं हाक दिली. ती कवितेतल्यासारखी व्याकूळ वगैरे नव्हती बाई. जुन्या सायकलच्या भोंग्यासारखी होती. मला इतकं हसू आलं, की पहिला फोटो हलला. दुसरा चांगला आला. चैत्र लागायच्या आत ते निघून गेले, उत्तरेला, हिमालयापलीकडं म्हणतात.

ते गेले आणि मी टिबुकलीच्या नादी लागलो. मुठीएवढं पाणपाखरू, घटकेत बुडी मारतं, घटकेत भलतीकडंच वर येतं. मी ऐकलं होतं, की तिची पिल्लं आईच्या पाठीवर बसून पाण्यातून फिरतात, पंखांतून नुसती डोकी बाहेर. तो फोटो मला हवा होता. तलावाच्या एका कोपऱ्यात, पाणकणसांच्या, म्हणजे उंच पाणगवताच्या, बेटाजवळ तिचं घरटं सापडलं. घरटं कसलं, शेवाळ आणि काड्यांचा तरंगता ढीग, दोन-चार पात्यांना अडकवलेला. उठून जाताना ती अंड्यांवर ओलं शेवाळ ओढून घ्यायची, बाळाला दुपटं घालावं तसं. मी लांबूनच बघायचो. एकच भीती होती. पाणी रोज आटत होतं. कोपरा कोरडा पडला, की घरटं चिखलात बसणार, आणि मग कुत्री, मुंगसं, कावळे.

वैशाखाच्या तोंडावर एके सकाळी गेलो, तर त्या टरबूजवाल्या ताई कुदळ घेऊन नेमक्या त्याच कोपऱ्याकडं निघालेल्या. पाणी मागं सरकून मोटारीचा पाइप उघडा पडला होता, वेल माना टाकायला लागले होते. त्या कोपऱ्यातून चर खणून ते पाणी मोटारीपाशी आणायचं, असा त्यांचा बेत.

"ताई, तिथं घरटं आहे."

"व्हय, बघितलंय. काळी कोंबडीवानी हाय ती."

"पाणी ओढलं तर अंडी जातील."

"अन् नाय ओढलं तं टरबूज जाईल. काका, ती कोंबडी काय माझ्या पोरीची फी भरनार हाय का?"

 त्यांचं खोटं नव्हतंच. मी तलावावर नजर फिरवली. मधोमध, जुन्या ओढ्याच्या पात्रात, पाणी अजून काळंभोर, खोल. "पाइप तिथवर नेला तर?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं तुम्ही माझ्या निबंधाकडं बघायचात. "पाइप हाय घरी पडलेला. पर नेतंय कोन? मांडीइतका गाळ हाय, मानूस रुततं."

"होडी रुतत नाही."

"तुमच्या त्या फुग्यावर?" त्या हसायला लागल्या, मग हसता हसता थांबल्या. "खरंच नेता?"

बाई, असा सोहळा मी आयुष्यात केला नाही. पाइपाच्या तोंडाची जाळी एका रिकाम्या निळ्या ड्रमाला लटकवली, म्हणजे ती गाळात बसू नये. ड्रम माझ्या होडीच्या मागं बांधला. ताई काठावरून पाइप सोडताहेत, मी पुढं वल्हवतोय. तो पाइप म्हणजे जिवंत अजगर. मी उजवीकडं जावं तर तो डावीकडं ओढी. दोनदा होडी आडवी झाली, एकदा शिट्टीच तोंडात गेली. मी डोळे मिटले आणि मोठ्यानं सुरू केलं, लगागा, लगागा, लगागा, लगागा. काठावरून ओरडा आला, "काका, मंत्र म्हनता का काय?"

"हो, भाकरीचा!"

"आधी पाइप न्या, मंग भाकर देते!"

खोल पाण्यावर पोचलो, दगड बांधलेला दोर सोडला, ड्रम ठरला. त्यांनी मोटार चालू केली. थोडा वेळ नुसती खोकली. मग पलीकडच्या टोकातून पाणी आलं, आधी गढूळ, मग नितळ. बांधावरची सासू उठली, आली, त्या धारेखाली दोन्ही हात धरून उभी राहिली. बोलली नाही. पण त्या दिवशी पाणकणसांच्या बाजूला तिनं डबा वाजवला नाही, हे मी बघितलं. भाकर मात्र मिळाली, ठेच्याबरोबर. टिबुकली आपल्या ढिगावर बसून होती, आमच्या गोंधळाशी आपला काही संबंध नाही अशा थाटात.

त्याच संध्याकाळी माझी पाठ धरली. डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही, एसटी नाही, होडी तर नाहीच. सूनबाईनं होडी धुऊन गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातली आणि मला पलंगावर. "बाबा, तलावाला थोडे दिवस तुमच्याशिवाय करमेल." तलावाला करमेल हो, मला करमत नाही. अंडी फुटायची वेळ हीच. पाणी पुरलं का? घरटं तरंगतंय का? ताईंचा नंबर घ्यायचं सुचलं नाही; मी छावणीत राहतो, एवढंच काय ते त्यांना ठाऊक. मग उशीला टेकून तुम्हाला लिहायला घेतलं. टपालात टाकायला पत्ता नाही, हे मला कळतं. पण चक्रवाकाचं सांगायचं कबूल केलं होतं, आणि सांगता सांगता तुमच्या स्वयंपाकघरात पुन्हा जाऊन आलो, हे काय कमी आहे?

थांबा, बेल वाजतेय. सूनबाई बाजारात गेलीय. भिंतीला धरून जाऊन येतो.

बाई, आलो. दारात ती सासू होती. एकटी. सुनेबरोबर टरबुजांच्या गाडीतून मंडईत आली होती. सून माल उतरवतेय आणि ही छावणीभर विचारत विचारत, कठड्यावरची केशरी होडी बघून जिना चढून आली. दार उघडल्याबरोबर म्हणाली, "ओ होडीवाले दादा! किती शोधायचं मानसानं!" सबंध वसंतात मी ऐकलेलं तिचं हे पहिलं वाक्य. मग सुनेचा मोबाइल माझ्या नाकाशी धरला. "तीन निघाली. पाठीवर बसून हिंडत्यात. म्याच काढला फोटू, सून म्हनली दाबा हितं, दाबलं." फोटो तिरका आहे. कोपऱ्यात तिचा अंगठा आलाय. पण मधोमध ती काळी आई, आणि तिच्या पंखांतून वर आलेली तीन पट्टेदार डोकी, स्वच्छ.

ती आता खुर्चीवर बसून पाणी पितेय आणि मला विचारतेय, बसून काय लिहिता एवढं. चहा टाकायला उठतोच. एवढंच तुम्हाला सांगतो, कारण तिला सांगता यायचं नाही: मी खूप हसलो, डोळेही भरले, पण तो फोटो आपल्या हातून निघायला हवा होता असं क्षणभर वाटलंच.