पाहुणे, कढी-भात आणि तीन हॉटेलं

चेरीताल, जबलपूर

सौ. प्रमोदिनीताईस शरदचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भय्यासाहेबांची साखर, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक (म्हणजे पत्र लिहिण्याइतपत).

आमच्या अवंतिकेला पाहायला खमरियाहून गौरांग आणि त्याचे आईवडील आले, ते तुला सांगायचं राहिलं. "घरी चहा-पोह्यांची परीक्षा नको, बाहेर जेवू," असं तीच म्हणाली, म्हणून मी राइट टाउनातलं एक हॉटेल ठरवलं. महिन्यापूर्वीच आम्ही तिथे जेवलो होतो. जाऊन पाहतो तर चष्म्यांचं दुकान! दुकानदार अदबीनं म्हणाला, "अंकलजी, खाना तो बंद हो गया, आँखें जँचवा लीजिए." (गौरांगच्या वडिलांनी खरंच डोळे तपासून घेतले. नंबर वाढलाय.) दुसऱ्या ठिकाणी उद्घाटनाचे फुगे अजून लटकत होते आणि दारावर पाटी, 'किराए से देना है'. गौरांगची आई म्हणाली, "काहून हो, फोन करून नाही पाहिला?" आमच्या सौ.नं, लतिकेनं, माझ्याकडे असं पाहिलं की माझी भूकच मेली.

तिसरं श्यामसुंदरजींचं. उघडं होतं, पण ते खुर्च्या एकावर एक रचून राहिले होते. सहा वर्षं चालवलेलं हॉटेल त्याच दुपारी बंद होणार होतं. आचारी सकाळीच गेलेला. आम्ही मागे फिरलो, तर म्हणाले, "आखिरी ग्राहक हैं आप, भूखे कैसे जाने दूँ?" आणि रचलेल्या खुर्च्या पुन्हा खाली मांडू लागले. गौरांगनं बाह्या वर केल्या आणि तो आत गेला. मागोमाग अवंतिका. थोड्या वेळानं आतून कढीच्या फोडणीचा वास आणि दोघांचं भांडण (हिंग किती, यावर) एकदमच बाहेर आलं. श्यामसुंदरजींना मधे बसवून आम्ही कढी-भात जेवलो. "छह साल में पहली बार यहाँ बैठकर गरम खाया," ते म्हणाले. ताई, मी त्यांना आणखी एक वाटी कढी वाढली.

शहाण्या माणसानं या धंद्यात पडू नये, हे मी तिथेच सर्वांना बजावून सांगितलं.

तुझा,
शरद

ता. क. लग्नाचं विचारलं की दोघं म्हणतात, "सोचकर बताते हैं." ते हॉटेल मात्र दोघांनी मिळून चालवायला घेतलं. दसऱ्याला उघडेल. श्यामसुंदरजी गल्ल्यावर बसतील.

पुन्हा ता. क. भाडेकरारावर सही माझी आहे. लतिकेला अजून ठाऊक नाही. दोघांना वडाभात शिकवायच्या निमित्तानं तू आठ दिवस आधी ये, आणि ही गोष्ट तिला तूच सांग. मी तेवढ्यात भाजी आणायला जाईन.