'घरचा कर्ता' उलटा टांगला गेल्यामुळे बदललेले मृत्युपत्र

मी, चौकातल्या फ्रेमच्या दुकानाची मालकीण, सगळ्यांची फ्रेमवाली काकू, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. आधीच्या मृत्युपत्रात दुकान धाकट्या दिरांना, म्हणजे भावजींना, दिले होते. ते मी रद्द करते. मागाहून कुणी मला वेडी ठरवू नये म्हणून कारणही लिहिते.

चित्रकार बाईंच्या प्रदर्शनाच्या फ्रेमा आपल्याच दुकानात झाल्या. काच सूनबाईने कापली, पट्ट्या तिनेच जोडल्या. फ्रेमच्या मागे टांगायचे हूक ठोकायचा मान नेहमीप्रमाणे भावजींचा. सूनबाई म्हणाली, "काका, वरची बाजू बघून घ्या हं."

"मला शिकवू नकोस!" म्हणत भावजींनी खुर्चीतून न उठता हूक ठोकले.

त्यातल्या एका चित्राचे नाव 'घरचा कर्ता'. मिशीवाले साहेब खुर्चीत, आणि खुर्ची चार बायकांच्या डोक्यावर. प्रदर्शनात जाऊन पाहते तर काय, साहेब खाली डोकं वर पाय, आणि चौघी वरती हवेत पाय झाडतायत! मी माफी मागायला पुढे झाले. पण चित्रकार बाई हसत सुटल्या. "अहो, राहू द्या! हे मलाच सुचायला हवं होतं." मग मीही इतकी हसले की पहारेकऱ्याने दटावले. घरी येताना मात्र स्वतःचाच राग आला. त्या चौघींत एक मी होते, आणि आता सूनबाईलाही तिथेच उभी करायला निघाले होते.

सबब दुकान, हत्यारे आणि काच कापायचा हिरा सूनबाईला.

घर मुलाला. त्याने बायकोच्या दुकानात लुडबूड करू नये. दुपारचा चहा नेऊन दिला तर हरकत नाही.

भावजींना निदान त्यांची दुकानातली ती खुर्ची द्यावी असे मनात होते. पण साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून भावजींना साक्षीदार केले आहे. काल म्हटले, आधी वाचून घ्या. तर म्हणाले, "बायकांच्या कागदात वाचायचं काय, वहिनी? सही कुठे करू तेवढं सांगा."

ठिकाण: दुकानाचा काउंटर
तारीख: प्रदर्शनाचा शेवटचा दिवस
सही: फ्रेमवाली काकू
साक्षीदार: १. भावजी २. चित्रकार बाई

वकीलबाईंचा शेरा: पहिल्या साक्षीदाराची सही उलटी आहे. कागदाची वरची बाजू दाखवायला गेले, तर "मला शिकवू नका" म्हणाले.