चौथ्यांदा वारले त्याबद्दल

४ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

तुझ्या त्रैमासिकाच्या नव्या अंकात मी पुन्हा वारले. अंक कालच्या टपालाने पोचला. गेल्या अंकात मी दवाखान्यात वारले होते, त्याआधी झोपेत, आणि त्याच्याही आधी नुसतीच, कारण न देता. या खेपेला माझ्या चिरंजीवांनी मला आधीच मारून ठेवलंय आणि माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिलेत. चारच ओळी आहेत, तूच छापलेल्या तुलाच वाचून दाखवते:

आईचं शिवणयंत्र.
त्यावर धूळ.
धुळीत माझं बोट.
बोटाला आई.

धूळ? माझ्या मशीनवर? अगं, मी रोज पुसते, आठवड्याला तेल घालते. मेले म्हणाला ते एक वेळ चालवून घेईन, पण धूळ कुठून आणली मेल्याने?

परवा बटणं आणायला गेले, तर मला बघून बटणवाल्याने हातातला डबाच खाली ठेवला. त्याची मुलगी तुझा अंक घेते. बिचारा भेटायला यायचं कसं, बोलायचं काय, या विचारात होता आणि मीच दारात उभी! शेवटी मी चार भोकांची पांढरी बटणं मागितली.

आता मस्करी पुरे. माझा भोपळ्या गेल्या उन्हाळ्यापासून घरी आलेला नाही. बसने दोन तास लागतात, फार नाही. रोज सकाळी फोनवर फुलाचं चित्र पाठवतो आणि दर तीन महिन्यांनी मला मारतो. तू त्याची सख्खी मावशी आणि वर संपादक. एकदा घरी जा म्हणून त्याला सांग. मला दुसरं काही नको.

हे फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. तुझ्या ह्यांना विचारल्याचं सांग. लोभ आहे तो वाढव, शक्यतो माझ्या हयातीत.

तुझी,
ताई


१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की मुद्रितं तपासता तपासता ह्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मग शेवटचा परिच्छेद वाचला आणि हसू गेलं.

पण ताई, वारलेली तू एकटी नाहीस. या वेळी आलेल्या अतिलघुकथा आणि कविता बघितल्या तर निम्म्याहून जास्त आया गेल्यात. वडील सहसा मरत नाहीत, ते गप्प बसतात. बायका खिडकीत उभ्या राहतात. पन्नास शब्दांची मर्यादा घातल्यापासून तर कुणाला धीरच उरला नाही, पात्र आत आलं की गेलंच म्हणून समज. मध्यंतरी एका जिवंत आईची कविता छापली, तर कवी उथळ झाला म्हणून वर्गणीदारांची पत्रं आली. आणि वर्गणीदार म्हणजे तरी कोण? कवीच. निव्वळ वाचक अशी तुझ्या बटणवाल्याची मुलगी तेवढी होती, तर परवा तिच्याही दोन कविता आल्या.

भोपळ्याला चांगलं झापलं. त्याचं उत्तर सोबत ठेवते, मला आपल्या तोंडाने सांगवत नाही. त्याला निवड समितीवरही घेतलंय, म्हटलं गठ्ठा न्यायच्या निमित्ताने इकडे येईल आणि मी कान धरून तुझ्याकडे पाठवीन. तर गठ्ठा टपालाने पाठव म्हणतो.

आमच्याकडे वशिला चालत नाही हं. हे कात्री घेऊन बसतात, प्रत्येकाचं नाव कापतात आणि क्रमांक घालतात. तुला हे सगळं सोपं वाटत असेल तर तूच लिहून बघ पन्नास शब्दांत!

रागावू नकोस. माया आहे ती तशीच असू दे.

तुझी,
धाकटी


(सोबतचं पत्र)

१४ मार्च

ती. सौ. मावशीस (आणि मा. संपादकांस),
सा. न. वि. वि.

तुझं रागाचं पत्र मिळालं. त्यातली लय आवडली.

आईकडे जायचं रोज मनात येतं. पण सध्या माझी ‘नसलेली आई’ ही मालिका ऐन भरात आहे. जाऊन भेटलं की दुरावा उतरतो. ती समोर बसते, बनियन कुठून घेतोस विचारते, आणि झालं, पुढे महिनाभर ओळ सुचत नाही. मागच्या वेळी तिने माझ्या विजारीची लांबी कमी करून दिली, तर एक अख्खी विलापिका वाया गेली. मालिका पुरी झाली की नक्की जाईन. आई समजूतदार आहे, ती कुठे पळून जातेय!

समितीचं काम स्वीकारतो, गठ्ठा टपालाने पाठव. सोबत नवी कविता आणि माझा परिचय. कविता अकरा शब्दांची आहे, परिचय दोन पानांचा. जागा पुरत नसेल तर कविता लहान करावी.

आपला कृपाभिलाषी,
भोपळ्या
(कृपया छापताना हे नाव टाळावे)


२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

त्याचं पत्र वाचलं. आधी राग आला, मग रडू आलं, मग त्या विजारीचं आठवून हसायलाही आलं. घोट्याखाली लोळत होती गं, पाय अडकून पडला असता. आणि मी पळून जात नाही म्हणे. माझं वय काय, गुडघे काय, आणि हा मला थांबवून ठेवतोय!

त्याला मी काही लिहिलेलं नाही. तू लिहून बघ म्हणालीस, म्हणून एका बाईंचा कोट उसवायला घेतला होता तो बाजूला ठेवला आणि बसले. आधी पानभर झाली. मग कापत कापत एवढी उरली:

रविवार

मुलगा आला. चपला सरळ काढल्या. कशी आहेस विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकलं. जेवला. नको म्हटलं तरी भांडी घासून पालथी घातली. जाताना पिशवी विसरला. ती घ्यायला परत आला.

नाव कापून इतरांसारखीच समितीपुढे ठेव. बहीण म्हणून छापलीस तर तुझं माझं बोलणं बंद. माझं अक्षर ओळखू येईल, तेव्हा तुझ्या ह्यांना टंकून द्यायला सांग. आणि सगळं काल्पनिक आहे अशी खाली टीप टाक, नाहीतर शेजारीपाजारी खरं धरून चालतील.

चूकभूल पदरात घे.

तुझी,
ताई


२१ एप्रिल

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

गठ्ठा वाचून परत पाठवतो आहे. एकूण दर्जा चिंताजनक. क्रमांक चारमध्ये आई वारते, घ्यावी. क्रमांक नऊमध्ये आई आणि मांजर दोघंही वारतात, जरूर घ्यावी. बाराव्या कथेत आई फक्त आजारी आहे, लेखकाला धीर द्यावा.

क्रमांक सतराबद्दल थोडं लिहितो. भाषा साधी, ओळी स्वच्छ. पण मुलगा पटत नाही. असे मुलगे नसतात. लेखकाने माणसं नीट बघितलेली दिसत नाहीत. शिवाय कुणीच मरत नाही, त्यामुळे शेवट हवेत राहतो. साभार परत.

माझ्या परिचयाचं तिसरं पान सोबत आहे.

आपला,
भोपळ्या


२६ एप्रिल

चि. भोपळ्यास,
अ. आ. वि. वि.

तुझे शेरे मिळाले. क्रमांक सतरा तुझ्या आईने लिहिलीय.

हे पत्र लिहायला चार दिवस गेले. तुझा शेरा तिला कळवायचं धाडस मला झालं नाही आणि तुला न कळवण्याइतकी मी चांगलीही नाही. तुझ्या त्या चारही कविता मीच छापल्या, लोक रडले आणि मी खूश झाले. तेव्हा शरम दोघांनी वाटून घेऊ.

आमच्या त्रैमासिकात आजपासून एक नियम केला आहे. परत करायचं साहित्य परीक्षकाने लेखकाच्या घरी स्वतः नेऊन द्यायचं. टपाल चालणार नाही. कथा सोबत ठेवली आहे. पत्ता तुला माहीत आहे. तोवर तुझ्या आईला मरायला आमच्या अंकात जागा नाही.

तुझीच,
मावशी


५ मे

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

रविवारी भोपळ्या आला. हातात तुझं पाकीट. म्हटलं, आत ये, मी अजून आहे. सरळ मशीनपाशी गेला आणि बोट फिरवून बघितलं. बोटाला तेल लागलं. मग तिथेच खाली बसून लहान मुलासारखा रडला. मी हातातली तुरपाई चालू ठेवली, नाहीतर मीही रडले असते.

आता बाकीचं ऐक. चपला वाकड्याच काढल्या. कशी आहेस विचारलं आणि उत्तर निम्मंच ऐकलं, पुढे त्याचंच सुरू झालं. जेवला मात्र पोटभर. भांडी घासायला गेला आणि माझ्या चांगल्या कपाचा कान तोडला. आपला शेरा त्याने स्वतःच सांगितला. तुझ्या समितीचं म्हणणं खरंच होतं गं, माझ्या कथेतला मुलगा जरा जास्तच गुणी झाला होता. मला हाच बरा. निघताना बजावलं, आजच्या दिवसावर एक ओळ जरी लिहिलीस तरी विजारी पुन्हा लांब करून देईन.

संध्याकाळच्या बसने गेला. पिशवी विसरला. तुला म्हणून खरं सांगते, विसरला नाही, मीच ती मशीनच्या मागे सरकवली होती. वरूनच कवितांची वही दिसतेय. मी हात लावलेला नाही.

वहीवाचून त्याला करमणार नाही. तुला फोन येईलच. पिशवी आईकडे आहे एवढंच सांग. टपालाने पाठवेल असं मात्र म्हणू नकोस.

तुझी,
ताई