शेवटच्या गाडीची वाट

६ एप्रिल

चि. बबडीस,
अ. उ. आ.

आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझे बाबा स्वयंपाक शिकताहेत. त्यांची आणि मिठाची ओळख अजून व्हायची आहे. मला धुलाईघरातून यायला रोज साडेआठ वाजतात, मग करणार काय?

आमचं काम सहाला संपतं. पण इस्पितळाच्या चादरींची शेवटची गाडी साडेसातच्या आत कधी येत नाही. ती उतरवून घ्यायची म्हणून तोवर आम्ही अकरा जणी बाकावर बसून. ओव्हरटाइम धरतात तो गाडी आल्यापासून. मालक म्हणतात, नुसतं बसायचे कसले पैसे? इस्त्रीवालीने विचारलं, तर तिला दुसरीकडे काम बघायला सांगितलं. पदरात दोन लहान मुली, बिचारी गप्प बसली. आता सगळ्या मला पुढे ढकलताहेत. तुझी लेक कामगार कार्यालयात असलेच तंटे मिटवते ना, म्हणतात. मालकांना एक फोन करशील?

आठवण ठेव.
तुझी आई

११ एप्रिल

ती. आईस,
शि. सा. न.

फोन करणार नाही. रुसू नकोस. लेकीने शब्द टाकला, तर तुमच्या हक्काला वशिल्याचा वास येईल. तुमच्या तिथल्या कामगार कार्यालयात अर्ज दे, साध्या कागदावर, अकरा सह्यांचा. गाडी कधी येते ते रोज लिहून ठेवा. ते मालकांना आणि तुम्हाला समोरासमोर बसवतील. तिथे तूच बोल. नळावर भांडताना तुला कधी माझी गरज पडली होती?

तुझा हात डोक्यावर असू दे.
बबडी

३० मे

चि. बबडीस,
अ. उ. आ.

सोमवारी निकाल लागला! कार्यालयातल्या तडजोड करणाऱ्या बाई तुझ्याच वयाच्या. मालक आपलंच घोडं पुढे दामटत होते. म्हणे, बायका गप्पा मारतात, घरचे मटार सोलतात, याला काम म्हणायचं का? मटारांचं ऐकून माझं डोकंच फिरलं. मी विचारलं, "मालक, त्या दीड तासात मी घरी जाऊन आले असते, तर चाललं असतं?"

ते पटकन म्हणाले, "छे, आणि गाडी आली म्हणजे?" बाईंनी ते वाक्य तेवढं लिहून घेतलं.

आता सहानंतरचा सगळा वेळ ओव्हरटाइम. मागचं देणं दोन हप्त्यांत, आणि कुणालाही काढायचं नाही, असं मालकांनी सहीनिशी कबूल केलंय. इस्त्रीवाली आधी रडली, मग उचकी लागेपर्यंत हसली. बाहेर चहा मालकांनीच पाजला. माणूस तसा वाईट नाही.

खरी गंमत पुढेच. वाट बघण्याचे पैसे पडायला लागल्याबरोबर, मंगळवारपासून गाडी सव्वासहाला हजर! काल मी सात वाजता, चांगल्या उजेडात घरी पोचले. शेजारीण धावत आली, बरं नाही का म्हणून. मी म्हटलं, इतकं बरं मला कित्येक वर्षांत नव्हतं.

अशीच जीव लावत राहा.
तुझी आई