शेंड्याचे नक्षत्र

ता. मुदखेड, ४ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. ताराक्कास, धाकट्या सत्यशीलेचा शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी पहाटे गोठ्यातले शेण काढून झाले होते, बंबात तुराट्या घातल्या होत्या आणि मी अंगणात सडा टाकत होते. मान वर केली तर बाभळीच्या वर एक तारा, आणि त्याला पिंजलेल्या कापसासारखी उभी शेपटी. अक्का, धूमकेतू! आमचे हे रेल्वेचे रूळ तपासत पहाटेचे चालायचे आणि दिसलेली प्रत्येक उल्का वहीत लिहायचे. हे जाऊन दोन वर्षे झाली, वही मी चालवते. हात पुसून वेळ आणि दिशा लिहिली.

आनंदाच्या भरात सासूबाईंना सांगितले की शेंडेनक्षत्र दिसले. धूमकेतू म्हटले असते तर त्यांना कळले नसते. त्यांनी व्यंकट भाऊजींना सांगितले की शेंड्याचं नक्षत्र लागलंय. या घरात नक्षत्र म्हणजे पाऊस. भाऊजी म्हणाले की हस्त चालू असताना हे मधीच कुठलं निघालं, आणि कापलेल्या सोयाबीनवर ताडपत्री ओढून आले. दुपारी धो धो पाऊस झाला. गावाच्या गंजी भिजल्या, आमची कोरडी राहिली. आता गावात बोलबाला आहे की वहिनीला आभाळातलं कळतंय.

फोन ओसरीवर सगळ्यांसमोर असतो, म्हणून पत्र. माया आहेच, ती वाढव.

तुझी सत्यशीला


लातूर, ९ ऑक्टोबर २०२४

चि. सत्यशीलास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून मी आणि तुझे दाजी पोट धरून हसलो. दाजी विचारतात, आमच्या अंगणातले पापड कधी वाळत घालू तेवढं कळवा म्हणावं.

आता कामाचे. आपली ऋतुजा किनवटला मुलींच्या निवासी शाळेत शिकवते. तिथे स्वयंपाक आणि मुलींची देखभाल बघायला बाई हवी आहे. राहायला खोली मिळेल. तिने तुझे नाव दिले आहे. २१ तारखेला, सोमवारी, हजर व्हायचे. नाहीतर दुसरी बाई घेतील. दीर-जावा काय म्हणतील हे बघत बसू नकोस. त्या घरात आठ माणसांच्या भाकरी थापून तुझी पाठ गेली, हे मला दिसते.

अशीच लिहीत राहा. तुझी वाट पाहणारी,

ताराक्का


ता. मुदखेड, १७ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. अक्कास, सा. न. वि. वि.

विचारले. भाऊजी म्हणाले, स्वाती सरेपर्यंत कुठं जायचं न्हाई, हरभरा पेरायचा हाय, तुमच्यावाचून कसं व्हायचं. जाऊबाईंनी माझी पिशवी कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

धूमकेतू आता संध्याकाळी पश्चिमेला दिसतो, नेमका भाकरीच्या वेळेला. आधी मला गच्चीवर जाऊ देत नव्हते. आता तव्यावरून उठवून नेतात, बसायला खुर्ची मांडतात, आणि सगळे आभाळाकडे नव्हे, माझ्या तोंडाकडे बघतात. पाणी हाय का न्हाई, लवकर सांगा. मी सांगते की मला पावसातले काही कळत नाही, तर भाऊजी हसून म्हणतात, वहिनी बाहेरच्याला भेद देत न्हाईत.

तुला खरे सांगते. खुर्ची मला आवडते. दोन वर्षांत या घरात मला कोणी काही विचारले नव्हते. म्हणून मी हवे तितके जोरात बोलत नाही. सोमवार जवळ येतो आहे आणि मी गप्प बसते.

राग धरू नकोस, ओढ ठेव.

सत्यशीला


किनवट, २४ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. अक्कास, सा. न. वि. वि.

तू फोनवर चार वेळा विचारलेस की निघालीस कशी, आणि मी टाळले. आता लिहिते.

शुक्रवारी शेजारच्या ज्ञानोबांची बायको आली. त्यांचे दोन एकर सोयाबीन कापून खळ्यावर पडले होते, मळणीयंत्र रविवारी मिळणार होते. झाकू का, असे तिने तीनदा विचारले. घरात ताडपत्री नाही, उसनी आणायची तर लोकांच्या पाया पडायचे. भाऊजी समोर होते. मी खुर्चीवर बसले होते. तिने जावे म्हणून मी म्हणाले, पाऊस नाही येणार. मला काहीही माहीत नव्हते, अक्का. उगीच म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी पाऊस आला, तासभर. त्यांची सगळी गंजी भिजली.

मला वाटले, आता तरी सुटेन, घरचे म्हणतील हिला काही कळत नाही. पण भाऊजींनी ओसरीवर मांडीवर थाप मारली. वहिनी लई हुशार, म्हणाले, परक्याला उलटं सांगितलं. सासूबाई कौतुकाने हसल्या. खोटे ठरूनही सुटका नसेल, तर त्या घरात मी दुसऱ्यांचे किती नुकसान करीन, हेच रात्रभर डोक्यात घोळत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्ञानोबांच्या खळ्यावर गेले, शेजारी जमले होते त्यांच्यासमोर सांगितले की मला पावसातले काही कळत नाही आणि तुम्हाला मी अंदाजाने सांगितले, मग दुपारपर्यंत त्यांच्या बायकोबरोबर ओले सोयाबीन उन्हात पसरले, आणि पिशवी न घेता अंगावरच्या लुगड्यानिशी मुदखेडहून किनवटची गाडी धरली.

तुझी सत्यशीला